तिघं आणि एक दगड

सकाळी सहाला आम्ही परदेशात होतो. सव्वासातला, हद्द ओलांडून वीसेक किलोमीटर आत आल्यावर, खटिम्याच्या एका चहाच्या टपरीसमोर गाडी लावताना लक्षात आलं की आमच्यातला चौथा तिकडेच राहिला. चौथा म्हणजे माणूस नव्हे, दगड. नोएडाच्या आमच्या सेक्टरातला, आईने हळदकुंकू लावून गाडीच्या मागच्या सीटवर बसवलेला, चांगला नारळाएवढा दगड.

मी जाम चिडलो. कुणावर चिडायचं ते ठरत नव्हतं, म्हणून आधी चहावाल्यावर चिडलो, कारण त्याच्या टपरीसमोर उतार होता. उतार नसता तर दगडाची आठवण झाली नसती आणि निदान तो चहा तरी सुखाने प्यायलो असतो.

पण हे सुरुवातीपासून सांगायला हवं. नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि माझ्या ऑफिसातली माणसं एकेक करून अमेरिकेला चालली होती. दर दुसऱ्या शुक्रवारी कुणाच्या तरी निरोपाचा केक कापला जायचा. मी केक खायचो, टाळ्या वाजवायचो आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी यायचो. मला पाठवायचं काही कुणाच्या मनात येत नव्हतं. आमच्या नव्या वस्तीत तर जिन्यात भेटलेला माणूस स्वतःचं नाव सांगायच्या आधी मुलगा कुठल्या देशात आहे ते सांगायचा.

लग्नाआधी मी दिल्लीत, मुनिरक्यात एका भाड्याच्या खोलीत राहायचो, आणखी दोन मराठी मुलांबरोबर. त्या घराच्या गच्चीवर आम्ही एकदा ठरवलं होतं की आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या गाडीने परदेशात जायचं. तेव्हा आमच्याकडे तिघांत मिळून एक सायकल होती. पुढे त्यातला एक जण केंद्र सरकारच्या मंत्रालयात चढत चढत सेक्शन ऑफिसर झाला; त्याला आम्ही साहेब म्हणतो. दुसरा वसईचा ख्रिश्चन, हॉस्पिटलांना यंत्रं विकतो, तो वसईकर. मी सेकंडहँड का होईना, एक व्हॅन घेतली. आणि तिघांपैकी दोघांकडे पासपोर्ट नसल्यामुळे परदेश म्हणजे नेपाळ हे आपोआप ठरलं. मी कुरकुर केली की परदेश म्हणजे कसा समुद्रापलीकडे पाहिजे. साहेबाने थोडा विचार केला आणि मध्ये नदी आहे, ती समुद्र धरायची, असा निर्णय दिला.

आई त्या वेळी आमच्याकडे होती. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, ती पुण्यात एकटी राहायची, आणि नोएडात फ्लॅट घेतल्यापासून मी तिच्या मागे लागलो होतो की आता इकडेच ये. ती गणपती झाल्यावर आली ती परतीचं तिकीट काढूनच. नोएडा तिला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. पत्ता विचारला की लोक नुसते आकडे सांगतात, सेक्टर अमुक, ब्लॉक तमुक. हा काय पत्ता झाला, म्हणायची. पेठ नाही, देऊळ नाही, ओळखीचा वाणी नाही. खिडकीतून बघावं तर अर्धवट बांधलेल्या इमारती आणि वाळू-खडीचे ढीग. तिला हिंदी समजायची, पण बोलायची लाज वाटायची, त्यामुळे बेल वाजली की ती दाराकडे जायच्या ऐवजी स्वयंपाकघरात जायची. एका रविवारी मी तिला कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात जेवायला नेलं. आजूबाजूला सगळे मराठीत बोलत होते. ती दोन वाट्या आमटी प्यायली आणि परत येताना म्हणाली, दिल्लीत पुणं एवढंच आहे होय.

खरं कारण वेगळं होतं आणि ते तिने एकदाच बोलून दाखवलं. आम्ही दोघं नवराबायको नोकरीला, मुलगी शाळेत, आणि शाळेतून आली की टीव्हीसमोर. आई दिवसभर त्या चार भिंतींत. एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "तुमचं तिघांचं छान चाललंय रे. मी आपली उगीच चौथी, दगडासारखी." रागाने नाही, सहज म्हणाली, म्हणून मला ते जास्त लागलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी मेथीच्या काड्या गोळा केल्या.

आईला आपल्या घरात एकटं वाटतंय हे कळल्यावर मुलाने काय करावं? मी सोळा दिवसांसाठी नेपाळला निघालो. माझी बाजू एवढीच की साहेबाची रजा तीन महिन्यांपूर्वी मंजूर झाली होती, आणि मंजूर झालेली रजा न घेणं ही कल्पनाही त्याला सहन होत नाही. आईचं पुण्याचं तिकीट आम्ही परतायच्या दुसऱ्याच दिवशीचं होतं, रविवार सकाळचं. मी म्हटलं, ते रद्द करून टाकतो. ती म्हणाली, "आधी नीट परत या, मग बघू." त्या 'बघू'त मला आशा दिसली, आणि सबंध प्रवासात मी तीच चघळत होतो.

निघायच्या दिवशी तिने आम्हाला मोजलं आणि तिची चर्या बदलली. तिघांनी मिळून कुठे निघू नये हे आपल्याकडे मानतात. निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक खडा बरोबर घेतात. वडील एकदा दोन मित्रांबरोबर खडा न घेता महाबळेश्वरला गेले होते आणि कावीळ घेऊन आले होते. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. कावीळ पाण्यामुळे होते असं म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. आई चपला घालून खाली गेली, शेजारच्या बांधकामाच्या ढिगाऱ्यापाशी वाकली आणि दोन्ही हातांत धरून तो दगड घेऊन आली. मी म्हटलं, आई, खिशात मावेल असा खडा चालतो ना? ती म्हणाली, इतक्या लांब जाताय, खडा काय पुरणार.

माझ्या मुलीने विचारलं की हा पत्थर पण फिरायला जाणार का. आजीने आधी 'पत्थर नाही, दगड म्हणावं' हे सांगितलं आणि मग हो म्हणाली. त्याला हळदकुंकू लावलं, मागच्या सीटवर टॉवेल घालून त्यावर ठेवलं आणि आम्हाला बजावलं, "चौघं चाललाय, चौघं परत या." साहेब प्रवासाची डायरी ठेवणार होता. त्याने तिथल्या तिथे पहिल्या पानावर लिहिलं, प्रवासी तीन अधिक एक.

पहिले दोन दिवस आम्ही त्या दगडाची भरपूर थट्टा केली. मग डोंगर लागले आणि माझ्या व्हॅनचा हँडब्रेक गेला. तिथल्या मेकॅनिकने तो दुरुस्त केला, पण सुटे भाग नव्हते, त्यामुळे ती दुरुस्ती एक दिवस टिकली. तेव्हापासून गाडी उतारावर थांबली की वसईकर उडी मारून उतरायचा आणि दगड मागच्या चाकाखाली सारायचा. निघताना मी गाडी जरा पुढे घ्यायची, त्याने दगड उचलायचा आणि परत सीटवर ठेवायचा. पोखरापर्यंत आमचा त्यात हात बसला. तो एकदा म्हणाला, "तुझ्या आईला हँडब्रेकचं आधीच कळलं होतं का रे?" त्यानंतर दगडाची थट्टा बंद झाली. साहेब तर हॉटेलात खोली मागताना चुकून चौघांसाठी म्हणायला लागला.

मधून मधून मी टेलिफोनच्या बूथवरून घरी फोन करायचो. आई फोनवर कमी बोलायची, परदेशचा फोन म्हणून घाबरायची. जेवलात का, थंडी आहे का, चौघं बरे आहात ना. एकदा म्हणाली, खालच्या मजल्यावरची पंजाबीण आली होती, तिची वाटी परत द्यायची राहिली होती. रिकामी कशी द्यायची म्हणून त्यात वड्या घालून दिल्या, तर तिने दुसऱ्या दिवशी मोठं भांडं भरून काहीतरी आणलं. आता ते भांडं कसं रिकामं द्यायचं, या विवंचनेत ती होती. मला हसू आलं. फोन ठेवला आणि ती वाटी मी विसरून गेलो.

तर शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही हद्दीवरच्या पुलापाशी आलो. नदीवरच्या बंधाऱ्याचा तो पूल गाड्यांसाठी ठरावीक वेळीच उघडतात. सकाळी थोडा वेळ, मग थेट दुपारी. पुलाच्या अलीकडे चढावर गाड्यांची रांग होती. नेहमीप्रमाणे वसईकर उतरला आणि दगड लावला. मग साहेबाला वाटलं की आपण उतरून मागच्या गाडीवाल्याकडून निरोपाचा फोटो काढून घ्यावा. तो फोटो काढत असताना फाटक उघडलं, मागचे सगळे एकदम हॉर्न वाजवायला लागले, आम्ही धावत येऊन गाडीत बसलो, आणि मी गाडी दामटली. परदेशातली शेवटची आठवण म्हणून तो फोटो अजून माझ्याकडे आहे. आम्ही तिघं हसतोय आणि मागे चाकाखाली दगड स्पष्ट दिसतोय.

खटिम्याच्या टपरीसमोर वसईकर सवयीने मागे वळला आणि रिकाम्या टॉवेलकडे बघत उभा राहिला. मी ब्रेकवर पाय दाबून बसलो होतो. पाय काढला की गाडी चहावाल्याच्या शेगडीकडे निघणार होती.

चहा झाला तो भांडणाबरोबर झाला. मी वसईकरावर घसरलो, की दगड उचलायचं काम त्याचं होतं. तो म्हणाला फोटोचं खूळ साहेबाचं. साहेब म्हणाला, गाडी हलवायच्या आधी मागे बघणं ही चालकाची जबाबदारी असते. सोळा दिवस एका गाडीत काढलेली माणसं भांडायला लागली की कशाकशावरून भांडतात. दोन मिनिटांत आम्ही मुनिरक्यातली बादली कुणी फोडली होती इथपर्यंत पोचलो. शेवटी साहेबाने तोडगा काढला. हा दगड गहाळ झालेला आहे, त्याच्या समकक्ष दुसरा दगड घ्यावा, हळदकुंकू नोएडात मिळेल. मला तो एकदम पटला. आईला काय कळणार आहे? दगड तो दगड.

"काकूंशी खोटं बोलायचं?" वसईकर म्हणाला.

त्याची आई आम्ही मुनिरक्यात असताना वारली होती. तेव्हापासून माझ्या आईला तो माझ्यापेक्षा जास्त घाबरायचा. ती आली की तिच्या हातच्या पोळ्या खायला तो दिल्लीच्या कुठल्याही टोकाहून यायचा. गळ्यात क्रॉस घालून हा माणूस हळदकुंकवाच्या दगडासाठी हटून बसला होता. म्हणाला, "चौघं परत या म्हणाल्या होत्या, यार. मी नाही त्यांच्यासमोर खोटं तोंड घेऊन उभा राहणार. तुला जायचं तर जा, मी इथून बसने मागे जातो."

मी मनात वेगळंच बघत होतो. आई म्हणाली होती नीट परत या, मग बघू. आता आपण दगड हरवून गेलो आणि तिला ते कळलं, तर ती काही बोलणार नाही, तिकिटावरची वेळ बघेल आणि बॅग भरेल. एवढंही तुम्हाला सांभाळता येत नाही, मग मला काय सांभाळणार, असं तिच्या मनात येईल. दगडावर आपलं घर अवलंबून आहे असं मानणारा इंजिनिअर बघायचा असेल तर त्या सकाळी खटिम्याला यायला हवं होतं. मी गाडी वळवली.

पुलाचं फाटक गाड्यांसाठी बंद झालं होतं. पायी जायला मुभा होती. गाडी अलीकडे सपाट जागेवर लावून आम्ही तिघं पूल चालत ओलांडायला लागलो. वाटेत साहेबाने शंका काढली की रांग जिथे होती तो भाग नेमका कुठल्या देशात मोडतो, म्हणजे दगड परदेशात राहिला म्हणायचं की देशातच. आम्ही दोघांनी चालण्याचा वेग वाढवला.

पलीकडे पोचलो, चढाची जागा सापडली, आणि आम्ही तिघंही जागीच थांबलो. तिथे रस्त्याच्या कडेला तीस-चाळीस दगड पडले होते. साधीच गोष्ट होती, पण सोळा दिवस आम्हाला ती सुचली नव्हती. त्या चढावर रोज ट्रक थांबतात, जो तो चाकाखाली दगड लावतो आणि फाटक उघडलं की टाकून निघून जातो. सगळे करडे, सगळे साधारण नारळाएवढे. आईचं कुंकू पहिल्या आठवड्यातच पुसलं गेलं होतं.

मी एक दगड उचलला आणि छातीठोकपणे हाच म्हणालो, कारण त्याला एका बाजूला टवका होता. वसईकराने दुसरा उचलला. त्याचं म्हणणं, रोज तोच उचलत होता, वजन त्याच्या हाताला माहीत होतं. साहेबाने डायरी उघडली, तिच्यात दगडाचं वर्णन नव्हतं याबद्दल स्वतःवर नाराजी व्यक्त केली आणि तिसराच दगड उचलला. अर्धा तास आम्ही तिथे वाद घातला. एक ट्रक क्लीनर आमच्याकडे बघत दात घासत होता, त्याचे दात घासून झाले तरी आमचं ठरेना. शेवटी तिन्ही घेऊन जायचं आणि आईसमोर ठेवायचं असं ठरलं.

परत येताना पुलाच्या टोकाशी शिपायाने अडवलं. तीन भली माणसं चालत पलीकडे गेली आणि तासाभराने हातात एकेक दगड घेऊन परत आली, तर कुणीही अडवेल. त्याने दगड उलटसुलट करून बघितले, एकावर काठी वाजवली, आत काही आहे का विचारलं. साहेबाने अधिकृत हिंदीत खुलासा सुरू केला आणि तो इतका लांबला की शिपायाचा संशय वाढत चालला. मग वसईकर पुढे झाला आणि एका वाक्यात म्हणाला, माताजी ने दिया था, हम तीन थे इसलिए.

शिपायाने काठी बगलेत घेतली. "तो पहले बताना था," म्हणाला. त्याच्या गावीही तिघं निघत नाहीत. फक्त एक गोष्ट त्याला समजत नव्हती. तीन माणसं, तीन दगड, मग हे सहा नाही का झाले? हा विचार आमच्यापैकी कुणी केलाच नव्हता.

त्यानंतरचा प्रवास जसा व्हायचा तसाच झाला. रुद्रपूरला ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे सरपटत गेलो, मुरादाबादला रेल्वेच्या फाटकात अडकलो, गढमुक्तेश्वरला गंगेच्या पुलावर वसईकराने मला विचारलं की काकू खरंच उद्या जाणार का. मी म्हटलं, माहीत नाही. मग त्याने विचारलं की त्यांनी जाऊ नये असं तू त्यांना कधी म्हणालास का. मी म्हटलं, म्हणजे काय, तिकीट रद्द करतो म्हणालो ना. तो म्हणाला, ते तिकिटाबद्दल झालं. मला राग आला, कारण तो बरोबर होता. हापूड येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. आई, तू इथे राहा. आई, तू चौथी नाहीस. प्रत्येक वाक्य जुळलं की वाटायचं हे आपल्या तोंडून निघणार नाही.

नोएडात शिरलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आमच्या सेक्टरात नेहमीसारखे दिवे गेले होते आणि बाल्कनीबाल्कनीत जनरेटर धडधडत होते. तिघं तीन दगड घेऊन चौथ्या मजल्यावर चढलो. बायकोने दार उघडलं, हातात मेणबत्ती. मुलगी तिच्या मागे उड्या मारत होती. आणि चपलांच्या कपाटाशेजारी मला आईची बॅग दिसली. भरलेली, चेन लावलेली, वर पाण्याची बाटली आणि शाल.

दिवसभर जुळवलेली वाक्यं त्या बॅगेने पार पुसून टाकली. ठरलं होतं म्हणजे. आम्ही परत यायच्या आधीच ठरलं होतं.

"तिथेच थांबा," आई आतून म्हणाली. पोळीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती आली, तुकडा आमच्यावरून ओवाळून जिन्यात टाकला, पायांवर पाणी घातलं. मग मेणबत्तीच्या उजेडात मोजायला लागली. "एक, दोन, तीन. चौथा कुठाय?"

मी माझा दगड पुढे केला आणि तोंड उघडलं. बॅग बघून आता खोटंच बोलायचं ठरवलं होतं, पण वसईकर मध्ये पडला. "काकू, खरं सांगतो. आमचा हरवला. सापडतोय का बघायला मागे गेलो, तर तिथे असे खूप होते. हे तीन त्याच्यासारखे वाटले. यातला तुमचा असेल तर बघा."

आईने चष्मा लावला. तिन्ही दगड दाराशी ओळीने ठेवायला लावले, मेणबत्ती खाली धरली, वाकून बघितलं.

"मला काय माहीत रे?" ती म्हणाली. "खालच्या ढिगातला दिसला तो उचलला होता."

मग आम्ही एका दगडासाठी किती मागे गेलो, पूल पायी ओलांडला, शिपायाने पकडलं, हे साहेबाने डायरीच्या आधाराने सांगितलं. आई ऐकता ऐकता दारातच खाली बसली आणि डोळ्याला पदर लावून हसायला लागली. बायको हसली, मुलगी हसली, वसईकर तर काय, तिला हसताना बघून लहान मुलासारखा हसत होता. मी हसलो नाही. माझी नजर बॅगेवर होती आणि मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी चिडतो.

"हसू नकोस," मी म्हणालो. "आम्ही धडपडत येतोय आणि तू बॅग भरून तयार. एक दिवस आधी भरायची काय घाई होती? उद्या सकाळी मी सोडणारच होतो स्टेशनवर."

"स्टेशनवर कशाला?" आई म्हणाली. "खालच्या पंजाबिणीची गाडी आहे. सकाळी सहाला निघायचंय हरिद्वारला."

मला काही कळेना. बायको म्हणाली, अहो, आत तर या, सांगते सगळं. पण आईने बसल्या जागीच सांगितलं. ती वाटी, ते भांडं, मग पुन्हा वाटी, असं करत सोळा दिवसांत खालची पंजाबीण, समोरची बंगाली बाई आणि तिची नणंद अशा तिघी रोज दुपारी आमच्या घरी यायला लागल्या होत्या. आईची हिंदी कुणालाच नीट कळत नव्हती आणि बंगाली बाईची आईला नाही, त्यामुळे लाज वाटायचं कारण उरलं नव्हतं. त्या तिघींचं हरिद्वारला जायचं ठरलं. ते ऐकून आईने त्यांना सांगितलं की तिघींनी कुठे जाऊ नये, आणि आम्ही दगड घेऊन कसे परदेशात गेलोय तेही सांगितलं.

"तर म्हणाल्या, भाभीजी, हम भी एक पत्थर ले लेंगे," आई म्हणाली. "म्हटलं, पत्थर कशाला? मी आहे ना."

ती हे हसत हसत सांगत होती. मेथी निवडताना बोललेलं वाक्य तिला आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मला आठवत होतं. मी खाली तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसलो आणि एवढंच विचारलं की ते पुण्याचं तिकीट.

"रद्द कर की," ती म्हणाली. "पुढचं मी सांगेन तेव्हा काढ. दिवाळीचं करायचंय इथे, त्या बायकांना चकली शिकायचीय."

मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. साहेबाचा आणि वसईकराचा दगड तिने त्यांचे त्यांना परत दिले, खाली ढिगावर टाका म्हणून. माझा मात्र उचलला, पदराने पुसला आणि चपलांच्या कपाटावर ठेवला.

"मी येईपर्यंत हा असू दे तुमच्या तिघांत," म्हणाली.

मी नुसती मान हलवली. बोलायला गेलो असतो तर रडू आलं असतं, आणि साहेबाने ते डायरीत लिहिलं असतं.